अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून फायर प्रोटेक्शन: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा. पाईप घेऊन आगीत शिरायचंय, की आग जागच्या जागी आटोक्यात आणणारी इमारतीतली यंत्रणा शिकायचीय? फायर टेक्नॉलॉजी, फायर सायन्स, फायर प्रोटेक्शन ही नावं कॉलेजं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडून बघा.

असोसिएट डिग्री, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात मिळणारी पदवी, साधारण 60 क्रेडिटची; पूर्णवेळ शिकलात तर दोन वर्षं. आगीचं वर्तन, इमारतीची बांधणी, प्रतिबंध आणि स्प्रिंकलर-अलार्म हे विषय बहुतेक ठिकाणी असतातच. स्प्रिंकलरच्या तोंडाशी जी लाल द्रवाची काचेची कुपी असते, ती 68 अंश सेल्सिअसला फुटते. फुटते तीही जिथे आच पोचली तिथलीच. सिनेमातल्यासारखा मजलाभर पाऊस पडत नाही.

प्रवेशाला मेरिट लिस्ट नसते. बारावीचं प्रमाणपत्र किंवा जीईडी (बारावीच्या तोडीची अमेरिकी परीक्षा) पुरतं. कॅलिफोर्नियात सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचा ऑनलाइन अर्ज एकाच पोर्टलवर आणि फुकट आहे. खरी मेख रहिवासाची. तिथल्या रहिवाशाला एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 46 डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे भाडेकरार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांवरच्या तारखा नीट जुळवून ठेवा. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर आर्थिक मदतीसाठी फाफ्सा हा सरकारी अर्ज भरायचा.

भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. फाफ्साची मदत मिळत नाही. पासपोर्ट, मार्कशीट (मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह), इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि खर्चाला पैसे असल्याचं बँकेचं पत्र दिलं की कॉलेज आय-20 हा व्हिसासाठी लागणारा फॉर्म देतं. मग सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) 350 डॉलर, डीएस-160 हा व्हिसाचा अर्ज आणि व्हिसाची मुलाखत. दर सत्रात किमान 12 क्रेडिट घ्यावे लागतात आणि त्यात पूर्ण ऑनलाइन असा एकच विषय धरतात. अग्निशमन दलाच्या सरकारी नोकऱ्यांना अनेक ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, हेही पैसे भरण्याआधीच लक्षात घ्या.

फायरफायटर व्हायचं असेल तर डिग्रीवर भागत नाही, फायर अकादमीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथे 18 वर्षं पूर्ण, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि बऱ्याच ठिकाणी आधी ईएमटी, म्हणजे तातडीच्या वैद्यकीय मदतीचा कोर्स. ईएमटीच्या प्रवेशाला पुन्हा सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवणं) शिकल्याचं कार्ड, लसींच्या नोंदी, टीबीची तपासणी. दाढी काढावी लागते, कारण खुंटांमुळे श्वसनयंत्राचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

बरेच अग्निशमन विभाग सीपॅट ही शारीरिक चाचणीही मागतात. अंगावर 50 पौंडांचं जॅकेट चढवून आठ कामं 10 मिनिटं 20 सेकंदांत संपवायची. पहिल्याच जिना चढण्यात खांद्यांवर आणखी 25 पौंड येतात. हे प्रमाणपत्र अनेक विभागांना वर्षभराच्या आतलंच लागतं, म्हणून उत्साहाच्या भरात पहिल्याच सत्रात चाचणी उरकून ठेवू नका.