आधी वाट कुणी सोडायची?

१० फेब्रुवारी २००९. सैबेरियाच्या डोक्यावर, जमिनीपासून ७८९ किलोमीटर उंचीवर दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. एक इरिडियम ३३, फोनचे कॉल पोचवणारा, चालू स्थितीतला. दुसरा रशियाचा कॉसमॉस २२५१, केव्हाच बंद पडलेला. टक्करीचा वेग सेकंदाला साडेअकरा किलोमीटरहून जास्त. जमिनीवरून माग ठेवता येईल एवढे मोठे तुकडेच दोन हजारांच्या आसपास झाले. बारीक चुऱ्याची तर मोजदादच नाही.

हे कुणाला आधी दिसलंच नव्हतं, असं मात्र नाही. हे दोन उपग्रह एकमेकांपासून ५८४ मीटरवरून निघून जातील, असा अंदाज जवळून जाणाऱ्या जोड्यांच्या त्या दिवशीच्या यादीत होता. पण त्याहून जवळून जाणाऱ्या कितीतरी जोड्या त्याच यादीत वर होत्या, त्यामुळे या जोडीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. त्या वर राहिलेल्या जोड्यांना काहीही झालं नाही.

५८४ मीटर म्हणजे पाच-सहा मैदानांएवढं अंतर, असं आपल्याला वाटतं. पण तिथे उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर कापतो. त्याच्या हिशेबाने हे अंतर सेकंदाच्या दहाव्या भागातच संपतं. तो तेवढासा लवकर पोचला किंवा उशिरा पोचला, की सगळं गणित बदलतं.

आणि तो लवकर-उशिरा पोचतोच. रडार आणि दुर्बिणी उपग्रहाची जागा अधूनमधून मोजतात, मधल्या काळातली जागा गणिताने काढावी लागते. गणित अडतं ते हवेपाशी. वातावरण शंभर किलोमीटरवर संपतं असं आपण समजून चालतो, पण पाचशे-सहाशे किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असते आणि ती उपग्रहाला सतत मागे ओढते. सूर्यावर वादळ उठलं की ही हवा तापते, फुगते आणि ओढ वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच एका वादळाने स्पेसएक्स कंपनीच्या, इंटरनेट पुरवणाऱ्या, नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक खाली खेचून जाळून टाकले. म्हणूनच ‘उद्या उपग्रह इथे असेल’ असं सांगताना नकाशावर ठिपका काढता येत नाही, उपग्रहाच्या वाटेवर लांबट पसरलेला एक ढग काढावा लागतो. दोन उपग्रहांचे ढग एकमेकांत शिरले की टक्करीची शक्यता मोजायची. ती दहा हजारांत एक एवढी निघाली, तर साधारणपणे बाजूला सरायचा विचार सुरू होतो.

सरायचं कसं, तेही गमतीचं आहे. मोठी उडी घ्यावी लागत नाही. बारा तास आधी वेगात सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरचा फरक केला, तर ऐनवेळी उपग्रह ठरल्या जागेपासून सव्वा किलोमीटर सरकलेला असतो. कुठल्या बाजूला? वेग वाढवला तर मागे! वेग वाढला की कक्षा किंचित उंच होते, फेरी लांबते आणि तो उशिरा पोचतो. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात हे सहजी बसत नाही. पण प्रत्येक धक्क्याला इंधन लागतं आणि इंधन संपलं की उपग्रहाचं आयुष्य संपलं. त्यात बहुतेक इशारे खोटे ठरतात. मग दर वेळी कोण हलणार?

समुद्रावर याचं उत्तर ठरलेलं आहे. दोन बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजवीकडे दुसरी दिसते तिने वाट द्यायची. कक्षेत असा बंधनकारक नियम नाही. २ सप्टेंबर २०१९ ला युरोपीय अंतराळ संस्थेचा वारे मोजणारा एओलस आणि स्टारलिंक ४४ जवळ येत होते. दोन्ही चालकांचं बोलणं ईमेलवर चाललं होतं. धोका वाढला तेव्हाचे निरोप आपल्या माणसापर्यंत पोचलेच नाहीत, कारण सूचना देणाऱ्या यंत्रणेत दोष होता, असं स्पेसएक्सने नंतर सांगितलं. शेवटी एओलसनेच इंजिन चालवून वाट सोडली. आता अनेक उपग्रह आपले आपणच बाजूला सरतात. दोघेही एकाच वेळी, एकाच बाजूला सरले तर काय, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहतो.

मेलेल्या उपग्रहापुढे हा वादच नाही. तो हलणार नाही, म्हणून जिवंत असलेल्यानेच हलायचं. माग ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंत बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे सुटे टप्पे आणि तुकडे यांचीच भरती मोठी आहे. जाळी टाकून कचरा पकडण्याची चित्रं छान दिसतात, पण मला जास्त भरवसा वाटतो तो टाकीत राखून ठेवलेल्या इंधनाचा. इस्रोच्या कार्टोसॅट-२ चंच बघा. २००७ साली सोडलेला हा उपग्रह ६३५ किलोमीटरवर होता. तसाच सोडला असता तर खाली यायला सुमारे तीस वर्षं लागली असती. उरलेलं इंधन वापरून त्याची कक्षा ३८० किलोमीटरपर्यंत उतरवली, पुढचं काम हवेने केलं आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला तो हिंदी महासागरावर जळाला. युरोपचा आठ टनी एन्व्हिसॅट मात्र २०१२ मध्ये अचानक मुका झाला. त्याला उतरवायची वेळच मिळाली नाही. काम संपल्यावर पंचवीस वर्षांत उतरा, असा जुना संकेत होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आणली. पण अचानक मुक्या झालेल्या उपग्रहाला कुठलीच मुदत लागू पडत नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ ला नासाचा टाइम्ड आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२२१ यांची गाठ पडायची वेळ आली. टाइम्ड चालू होता, पण त्याला बाजूला सरायची सोयच नव्हती. जमिनीवरच्या लोकांच्या हातात नुसतं बघणं उरलं. नंतरच्या हिशेबात दोघांमधलं अंतर दहा मीटरहूनही कमी निघालं. टाइम्ड सोडला होता तो वरच्या विरळ हवेचा अभ्यास करायला, त्याच हवेचा, जिच्यामुळे असे अंदाज चुकतात.