लंडनची सुईण, १९०५: नोंदणी कुणाची व्हायची आणि कागद काय लागायचे

१९०२ला इंग्लंड आणि वेल्ससाठी मिडवाइव्ज ॲक्ट, म्हणजे सुईणींचा कायदा, पास झाला. त्याआधी गल्लीतली कुणीही अनुभवी बाई बाळंतपणं करायची, आता तिलाही सर्टिफिकेट लागणार होतं. अर्ज सेंट्रल मिडवाइव्ज बोर्डाकडे, म्हणजे सुईणींची नोंदणी करणाऱ्या मंडळाकडे.

आधीपासूनच लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीचं (प्रसूतिशास्त्राची संस्था) किंवा डब्लिनच्या रोटंडा या बाळंतपणाच्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट असलं तर काम सोपं. नसलं तरी कायदा पास झाला त्या दिवशी, म्हणजे ३१ जुलै १९०२ला, किमान १ वर्ष खरोखर हेच काम करत असल्याचा पुरावा आणि चांगल्या वर्तणुकीची खात्री दिली की नाव लागायचं, परीक्षेची अटच नाही. मला कायद्यातली ही सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण या जुन्या बायकांना एका झटक्यात घरी बसवलं असतं तर गरीब घरातल्या बाळंतिणींनी जायचं कुणाकडे? पण ही सवलत मार्च १९०५ अखेरपर्यंतच होती.

नवीन मुलींना ३ महिने ट्रेनिंग, त्यात २० बाळंतपणं स्वतः करायची, मग परीक्षा, फी जास्तीत जास्त १ गिनी म्हणजे २१ शिलिंग.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे झालं असं नाही हं. काम सुरू करायच्या आधी लंडन काउंटी कौन्सिलला, म्हणजे लंडनचा कारभार बघणाऱ्या संस्थेला, लेखी कळवायचं आणि पुढे दरवर्षी जानेवारीत परत कळवायचं, विसरलात तर दंड. कौन्सिलची इन्स्पेक्टर येऊन बॅग उघडून बघायची, आत कात्री, कॅथेटर (लघवी काढायची नळी), जंतुनाशक आणि नखं घासायचा ब्रश पाहिजेच, कपडेही धुता येतील असेच. एवढा काटेकोरपणा का, तर बाळंतज्वर एका घरातून दुसऱ्या घरात मुख्यतः हातांवाटे जायचा.

१ एप्रिल १९०५पासून सर्टिफिकेट नसताना स्वतःला मिडवाइफ म्हणवलं तर ५ पाउंडापर्यंत दंड, १९१०पासून डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पैसे घेऊन नेहमी बाळंतपणं केली तर १० पर्यंत. अडीअडचणीला धावून गेलेल्या बाईला मात्र सूट.

आणि बाई अडली तर डॉक्टरला बोलावणं सुईणीला बंधनकारक, पण त्याची फी कोण देणार हे कायद्यात लिहिलंच नव्हतं, नवऱ्याकडे पैसे नसले की डॉक्टरला फुकट यावं लागायचं नाहीतर तो टाळाटाळ करायचा, आणि इकडे ती बाई कळा देत पडलेली. ती फी कौन्सिलने भरायची हे ठरायला १९१८चा कायदा यावा लागला.