जपाचं काउंटर आणि भरकटलेलं मन

21 डिसेंबरला, म्हणजे युनोने 2024 पासून सुरू केलेल्या जागतिक ध्यान दिनाला, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "21 दिवस ध्यान चॅलेंज" सुरू झालं. पहिल्या दिवशी हात जोडलेल्या इमोजींचा नुसता पाऊस, आठव्या दिवशी पाच-सहा जण शिल्लक. गळालेल्यांना लिफ्टमध्ये गाठून विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच: "अगं मला ते जमतच नाही, डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो."

याच कारणासाठी मी स्वतः तीनदा ध्यान सोडलंय, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. पण चौथ्यांदा बसण्याआधी जरा वाचलं आणि लक्षात आलं की "विचार आले म्हणजे ध्यान फसलं" ही समजूतच मुळात उलटी आहे. बाजार भरणारच. आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदू काही दुकान बंद करून झोपत नाही. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव बसल्या जागी शरीराची साधारण 20 टक्के ऊर्जा खातो, आणि एखादं अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च फार तर काही टक्क्यांनी वाढतो. मग रिकामपणी एवढं काय चालू असतं? अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मार्कस रायकल यांच्या गटाने 2001 साली दाखवलं की मेंदूचे काही ठरावीक भाग आपण कामाला लागलो की शांत होतात आणि रिकामे बसलो की जागे होतात. या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. काल बॉस असं का म्हणाला, उद्या डब्याला काय, दहावीत मी तसं बोलायला नको होतं, ही सगळी उलाढाल बरीचशी तिथली.

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी नियमित ध्यान करणाऱ्या 14 जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं, 20 मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि हातात एक बटण दिलं. मन भरकटलंय असं *लक्षात आलं* की बटण दाबायचं आणि परत श्वासावर यायचं, बस. 2012 साली हे छापून आलं. सवयीच्या ध्यानकरी मंडळींनीसुद्धा सरासरी दर 80 सेकंदांना एकदा बटण दाबलं! दीड मिनिटसुद्धा नाही! आणि आपण आठव्या दिवशी "जमत नाही" म्हणून उठतो.

बटणामुळे संशोधकांना वेळेचा एक पक्का खुंटा मिळाला. बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद म्हणजे मन नक्की भटकत होतं, दाबलं तो क्षण म्हणजे जाग आली, त्यानंतरचे काही सेकंद म्हणजे लक्ष वळवणं आणि मग पुन्हा श्वास. या चार टप्प्यांत मेंदूत वेगवेगळी चित्रं दिसली. भटकताना डिफॉल्ट मोडचे भाग, लक्ष वळवताना आणि श्वासावर टिकवताना कपाळामागचा बाजूचा भाग, जो कुठलंही काम मुद्दाम धरून ठेवायला लागतो. आणि मधल्या त्या जाग येण्याच्या क्षणी तिसरंच जाळं चमकलं, ज्याला सेलियन्स नेटवर्क म्हणतात. सेलियन्स म्हणजे सोप्या भाषेत 'इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे'.

या जाळ्याचं एक मुख्य ठाणं म्हणजे इन्सुला. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूच्या घडीत आत दडलेला भाग, घडी उघडल्याशिवाय दिसतच नाही. भूक, धडधड, श्वास, लघवी लागल्याची जाणीव, शरीराच्या आतल्या बातम्या इथे येतात. त्याचा पुढचा भाग, विशेषतः उजवीकडचा, हा रेल्वेच्या सांधेवाल्यासारखा काम करतो, म्हणजे डिफॉल्ट मोडची गाडी बाजूला घे आणि कामाची गाडी मेन लाइनवर आण असा सांधा बदलण्यात त्याचा हात असतो असं स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटाने 2008 साली मांडलं. आणि याच पुढच्या भागात, तसंच त्याच्या जोडीदार अँटिरिअर सिंग्युलेटमध्ये (मेंदूच्या मधोमध, पुढच्या बाजूचा पट्टा), लांबट चातीच्या आकाराच्या मोठ्या पेशी असतात, फॉन इकॉनोमो न्यूरॉन. त्या वानरकुळात सापडतात, हत्तीत सापडतात, देवमाशातही सापडतात, आणि लांबवर निरोप झटपट पोचवणं हे त्यांचं काम असावं असा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. इथे जरा टेक्निकल झालं, पण मला आवरलं नाही. एवढंच धरून ठेवा: मन भरकटतं एका जाळ्यामुळे, आणि ते भरकटल्याचं कळतं दुसऱ्याच जाळ्यामुळे.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याला रोज अनुभवाला येतं. पेपर वाचताना डोळे ओळींवरून सरकत राहतात, पान उलटतं, आणि मग एकदम कळतं की गेला अर्धा कॉलम आपण वाचलाच नाही. भटकंती केव्हाच सुरू झाली होती, कळलं मात्र आत्ता. श्वासावरच्या ध्यानात नेमका हा 'आत्ता कळलं'चा क्षण घडवायचा असतो. दंडाचा व्यायाम करताना डंबेल खाली गेलं म्हणून कोणी जिम सोडत नाही, ते खाली गेल्याशिवाय वर कसं उचलणार?

मग मी घरगुती प्रयोग केला. सासूबाईंकडे जपाचं ते बोटात घालायचं डिजिटल काउंटर आहे, देवळाबाहेर मिळतं तसलं. ते मागून घेतलं. रोज 20 मिनिटं गॅलरीत घडी केलेल्या सतरंजीवर बसायचं आणि मन पळाल्याचं कळलं की टिक. पहिल्या दिवशी आकडा आला चार. खूश झाले, काय एकाग्रता! दुसऱ्या आठवड्यात एकोणीस. आधी हिरमुसले, मग ट्यूब पेटली की काउंटर भटकंती मोजतच नाहीये, ते जाग मोजतंय. पहिल्या दिवशी मी बहुधा पाच-पाच मिनिटं बेपत्ता होते आणि मला पत्ता नव्हता.

सातत्याचा घोळही इथेच होत असावा. आपला मेंदू 'जे अपेक्षित होतं' आणि 'जे मिळालं' यांची वजाबाकी सतत करत असतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की अपेक्षेपेक्षा जास्त फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या, म्हणजे बक्षिसाची खबर देणाऱ्या रसायनाच्या, पेशी जोरात तडतडतात आणि ठरलेल्या वेळी रस आलाच नाही की गप्प होतात. आता आपण "आज एकदम शांत वाटणार" अशी अपेक्षा घेऊन बसलो तर प्रत्येक विचार म्हणजे न मिळालेला रस. अपेक्षाच "आज किती वेळा पकडता येतंय बघू" अशी ठेवली तर तोच विचार जमेच्या बाजूला पडतो. ध्यानाच्या बाबतीत हे असंच घडतं, हा माझा तर्क आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

आणि ते 21 दिवस! मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं होतं की पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढे 'किमान' गळालं, चेहराही गळाला, आणि उरली कुठलीही सवय 21 दिवसांत. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांना जेवताना फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी पळायला जाणं अशा सवयी लावायला सांगून 84 दिवस नोंदी ठेवल्या, तेव्हा मधला आकडा आला 66 दिवस आणि पल्ला 18 पासून 254 पर्यंत. (प्रयोगच 84 दिवसांचा, त्यामुळे 254 हा गणिताने पुढे ओढलेला अंदाज आहे, हे सांगायला लोक विसरतात.) पण त्यातली कामाची गोष्ट वेगळीच: एखादा दिवस चुकला तर सवय बनण्यावर फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे मात्र व्रत मोडलं की संपलं, आता पुढच्या एकादशीपासून! शिवाय त्या सवयी रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधलेल्या होत्या. मी बसते ती सकाळच्या चहाचा कप विसळून झाल्यावर. कप विसळला की सतरंजी.

ब्राह्ममुहूर्तावर बसलं तरच फळ, असं सांगणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे, रात्री साडेबाराला झोपणाऱ्या माणसाला पहाटे चारला उठवून बसवलं तर तो ध्यान करणार की पेंगणार? पायाला मुंग्या येतात ती कुंडलिनी नाही, मांडीखाली नस दबते, उशी घ्या नाहीतर सरळ खुर्चीवर बसा. आठ आठवड्यांत मेंदू जाड होतो हा फॉरवर्डही जपून घ्या, 2011 च्या बॉस्टनच्या छोट्या अभ्यासात तसं दिसलं होतं पण 2022 साली विस्कॉन्सिनच्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर पाहिलं तर तो बदल सापडला नाही. चिंता आणि नैराश्य काही प्रमाणात कमी होतं याला मात्र बरा पुरावा आहे, 2014 साली 47 चाचण्या एकत्र करून पाहिलं होतं, पण त्यातही ते व्यायाम किंवा औषधांपेक्षा सरस असल्याचं दिसलं नाही. म्हणून चालू गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका, आणि डोळे मिटल्यावर जुनं काही भयंकर अंगावर येत असेल तर ताणून न बसता डॉक्टरांशी बोला.

परवा सासूबाईंनी काउंटर परत मागितलं. झिरो करायचं राहून गेलं होतं. चष्मा वर करून त्यांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, वीस मिनिटांत सतराच?"