जेट्टीचा खांब खचत नाही, वर येतो!

इकडे अमेरिकेत मेरीलँडमध्ये चेसापीक बे या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या काठावर बऱ्याच घरांची स्वतःची लाकडी जेट्टी असते, आणि हिवाळा कडक गेला की मार्चमध्ये त्यातल्या दोन-चार हमखास वाकड्यातिकड्या दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं खांब चिखलात खचले असणार. नीट बघितलं तर उलटंच, मधले दोन खांब वर आलेले आणि त्यांनी फळ्यांना कुबड काढलेलं!

या नद्या म्हणजे खालच्या अंगाला खरं तर खाड्याच, कोकणातल्यासारखं भरतीचं पाणी आत येतं, फक्त ॲनापोलिसजवळ भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. पण तेवढा पुरतो. पाणी गोठलं की बर्फ खांबाला चहूबाजूंनी आवळतो, मग भरतीबरोबर बर्फाची अख्खी लादी वर उचलली जाते आणि खांबालाही ओढते, तो जरासा सुटला की खालच्या पोकळीत गाळ शिरतो आणि ओहोटीला परत खाली जायला जागाच उरत नाही. गाडीच्या जॅकसारखं, आणि हे दिवसातून दोनदा.

म्हणून खांब किती वजन पेलतो यापेक्षा गाळात किती खोल गेलाय हे महत्त्वाचं. त्याला धरून ठेवते ती मुख्यतः आजूबाजूच्या मातीची पकड. वाळूत खांब रोवायची सोपी युक्ती म्हणजे पंपाने पाण्याचा जोरदार झोत बुडाशी सोडायचा, वाळू पातळ होते आणि खांब स्वतःच्या वजनानेच खाली जातो, पंप बंद केला की वाळू परत बसते. काम झटपट होतं, पण ढवळलेल्या वाळूची पकड तेवढी चांगली नसते, त्यामुळे शेवटचे काही फूट ठोकूनच घातलेले बरे. काही लोक खांबाजवळ तळाशी बुडबुडे सोडणारं मशीन ठेवतात, त्याने खालचं किंचित कमी थंड पाणी वर येतं आणि खांबाभोवती बर्फच धरत नाही. भारी आयडिया, फक्त लाइट गेली की संपलं.

आता लाकूड कुजण्याचं. बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, म्हणून कायम पाण्यात-गाळात असलेला भाग टिकतो (व्हेनिस शहर लाकडी खांबांवर उभंय ते उगाच नाही) आणि कुजतो तो वरचा, ओला-सुका होणारा भाग. पण पाणी खारं असेल तर खाली वेगळंच संकट, शिपवर्म. नावात वर्म असलं तरी हा किडा नाहीच, शिंपल्यांच्या जातीतला प्राणी आहे! पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतं, कवचाने लाकूड किसत आतच वाढतं, कल्ल्यांतले बॅक्टेरिया लाकूड पचवायला मदत करतात, आणि बाहेरून खांब ठणठणीत दिसतो. 1919 नंतरच्या दोन-तीन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत या प्राण्याने कितीतरी धक्के असेच पोखरून पाडले.

म्हणून इथल्या पाइनच्या खांबांत तांबं, क्रोमियम, आर्सेनिकचं मिश्रण प्रेशरने भरतात, खाऱ्या पाण्यासाठी घनमीटरला सुमारे 40 किलो. घरगुती डेकसाठी ते 2004 पासून इथे बंद आहे, समुद्री खांबांना अजून चालतं. पण औषध गाभ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे जागेवर बोल्टसाठी भोक पाडलं की शत्रूला दार उघडून दिल्यासारखंच, तिथे परत औषध लावावं लागतं. जुन्या खांबाला प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टन गुंडाळणं हा मला सगळ्यात हुशार उपाय वाटतो, आत ताजं पाणी आणि ऑक्सिजन पोचत नाही आणि शिपवर्म गुदमरून मरतात.

आणि वर आलेल्या खांबाचं काय? बरेच जण सरळ करवतीने वरचा भाग कापून जेट्टी लेव्हल करतात. दिसायला छान, पण गाळातली लांबी कमी झाली ती झालीच, पुढच्या थंडीत तोच खांब आणखी सहज उपटतो. आमच्या शेजाऱ्यांनी यंदा तिसऱ्यांदा करवत काढलीय.