तबकडी तीच, प्लेअर बदलता

जुना सीडी प्लेअर घरात असला की ठरावीक प्रश्न पडतात. लेसर अजून किती वर्षं टिकेल? आतला ऑप-ॲम्प (संकेत मोठा करणारी छोटी चिप) बदलून आवाज सुधारेल का? कपॅसिटर बदलावेत का? की सगळं आहे तसं ठेवून बाहेरून एक नवा डॅक, म्हणजे तबकडीवरच्या आकड्यांचे विद्युत संकेत करणारा भाग, जोडावा? हे प्रश्न आजचे वाटतात, पण त्यांतल्या प्रत्येकाला जन्मसाल आहे. ती सालं ओळीनं पाहिली तर कुठे खर्च करावा आणि कुठे हात आखडावा हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

सुरुवात करावी लागते ती तबकडीपासून, कारण तीच एक गोष्ट या सगळ्यात कधी बदलली नाही. फिलिप्सनं ८ मार्च १९७९ रोजी आइंडहोव्हनमध्ये आपला नमुना प्लेअर पत्रकारांसमोर वाजवून दाखवला. त्याच वर्षी सोनीबरोबर एकत्र काम सुरू झालं आणि १९८० मध्ये ‘रेड बुक’ या नावानं ओळखली जाणारी नियमावली तयार झाली. बारा सेंटिमीटर व्यास, दोन चॅनेल, १६ बिट, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे ध्वनीची मोजमापं. हा शेवटचा आकडा विचित्र वाटतो, पण तो आला व्हिडिओ टेपमधून. तेव्हा डिजिटल ध्वनी साठवायला पुरेशी क्षमता फक्त व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये होती. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन सॅम्पल, दर फील्डला (अर्ध्या चित्राला) वापरता येण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात.

नियमावली एकदा गोठवल्यामुळे १९८२ मधली सीडी आजच्या प्लेअरवर वाजते आणि आजची सीडी १९८२ च्या प्लेअरवर. त्याचाच दुसरा अर्थ असा की सुधारणेला वाव उरला तो फक्त यंत्रात. तबकडीवर काय आहे हे ठरलेलं. ते वाचायचं कसं, त्याचे विद्युत संकेत करायचे कसे, ते बाहेर काढायचे कसे, हे मात्र प्रत्येक कंपनीवर सोडलेलं. जुन्या प्लेअरला ‘अपग्रेड’ करण्याची सगळी परंपरा या मोकळ्या जागेत वाढली.

पहिला मतभेद बिटांवरून झाला. फिलिप्सकडे १४ बिटांचा टीडीए१५४० हा डॅक तयार होता; सोनीचा आग्रह १६ बिटांचा होता आणि नियमावलीत तोच टिकला. मग हातातल्या १४ बिटांच्या चिपवर १६ बिटांची सीडी वाजवायची कशी? फिलिप्सच्या अभियंत्यांनी काढलेला मार्ग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी सॅम्पलची संख्या आधी डिजिटल फिल्टरमध्ये चौपट केली, म्हणजे सेकंदाला १,७६,४००, आणि चिपच्या अपुऱ्या बारकाईमुळे होणारी खरखर ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर ढकलली. याला ओव्हरसॅम्पलिंग आणि नॉइज शेपिंग म्हणतात. याचा आणखी एक फायदा झाला. डिजिटल संकेतातून ध्वनी परत मिळवताना वरच्या वारंवारतेचा अनावश्यक भाग छाटावा लागतो. २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं हवं आणि २२ च्या वर काहीच नको, अशी भिंतीसारखी उभी छाटणी ॲनालॉग घटकांनी करणं अवघड असतं. चौपट वेगामुळे ते जड काम डिजिटल फिल्टरकडे गेलं आणि बाहेरचा ॲनालॉग फिल्टर सौम्य ठेवता आला.

सोनीचा सीडीपी-१०१ हा बाजारात आलेला पहिला प्लेअर. १ ऑक्टोबर १९८२, जपान, किंमत १,६८,००० येन. त्यात खरे १६ बिट होते, पण डॅक एकच. तो डाव्या आणि उजव्या चॅनेलचं काम आळीपाळीनं करत असे, त्यामुळे दोन चॅनेलमध्ये सुमारे ११ मायक्रोसेकंदांचं अंतर पडे. फिलिप्सचा सीडी१०० आणि त्याचा भाऊ शोभणारा मरांट्झचा पहिला सीडी-६३ यांची घडण वेगळीच. आजही जुन्या प्लेअरचे शौकीन ‘फिलिप्स घराणं’ आणि ‘जपानी घराणं’ अशी वाटणी करतात, तिचं मूळ इथे आहे.

यंत्रात फेरफार करून विकण्याची कल्पनाही तितकीच जुनी. मेरिडियन या ब्रिटिश कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातच फिलिप्सचा प्लेअर पायाला घेऊन, त्याची इलेक्ट्रॉनिक्स सुधारून एमसीडी हा स्वतःचा प्लेअर बाजारात आणला. वाचनयंत्रणा फिलिप्सची, भोवतालची मांडणी स्वतःची. लहान कंपनीला लेसरची यंत्रणा घडवणं परवडत नव्हतं. पॉवर सप्लाय आणि आउटपुटचं सर्किट मात्र तिच्या आवाक्यात होतं. घरी सोल्डरिंगची कांब हातात घेणारा आज नेमकं हेच करतो: आवाक्यातलं बदलतो, आवाक्याबाहेरचं तसंच ठेवतो.

१९८५ मध्ये फिलिप्सचा टीडीए१५४१ हा डॅक आला. एकाच चिपमध्ये दोन्ही चॅनेल, प्रत्येकी १६ बिट. आतले विद्युतप्रवाहाचे स्रोत सतत अदलाबदल करून त्यांच्यातले सूक्ष्म फरक सरासरीत जिरवायचे, ही त्यामागची युक्ती. पुढे टीडीए१५४१ए आणि त्यातूनही निवडून काढलेले, वर मुकुटाची खूण असलेले नग निघाले. या चिपचं उत्पादन कधीच थांबलं आहे आणि मुकुटाची खूण छापलेले बनावट नग बाजारात भरपूर आहेत. ज्या प्लेअरमध्ये साधा टीडीए१५४१ए नीट चालतो आहे, तिथे मुकुटाच्या मागे धावू नये असं माझं ठाम मत आहे. मूळ चिप काढताना बोर्डाचं होणारं नुकसान हा खरा धोका आहे, मिळणारा फायदा अंदाजाचा.

मग प्लेअरचे दोन डबे झाले. तबकडी फिरवणारा ट्रान्सपोर्ट एका पेटीत, डॅक दुसऱ्या. सोनीची सीडीपी-आर१ आणि डीएएस-आर१ ही जोडी १९८७ ची. बाहेरून डॅक जोडण्याचा आजचा सल्ला याच विचाराचा वंशज. पण या फाळणीनं एक नवं दुखणं आणलं. दोन पेट्यांमधल्या एस/पीडीआयएफ (डिजिटल ध्वनी वाहणाऱ्या) तारेतून आकड्यांबरोबर कालमापनही गुंफून जातं आणि डॅकला ते त्या प्रवाहातून पुन्हा शोधून काढावं लागतं. त्यात जी थरथर शिरते ती ‘जिटर’. नव्वदच्या दशकात या शब्दानं शौकिनांची झोप उडवली, आणि प्लेअरला ताल देणारा क्रिस्टल ऑसिलेटर काढून त्या जागी अधिक नेमकं घड्याळ बसवायचे किट विकले जाऊ लागले. फिलिप्स घराण्यातल्या कित्येक यंत्रांत ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. हा आकडा म्हणजे ४४,१०० ची बरोबर २५६ पट. एका पेटीच्या प्लेअरमध्ये घड्याळ डॅकच्या शेजारीच असतं, तारेतून काही शोधून काढायचं नसतं. त्यामुळे घड्याळ बदलण्याचा गाजावाजा जेवढा झाला, तेवढा फायदा अशा यंत्रात पदरात पडत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फिलिप्सचं बिटस्ट्रीम आणि मात्सुशिताचं मॅश ही एक-बिटी तंत्रं आली. अचूक जुळवलेले सोळा स्रोत घडवण्याऐवजी एकच स्रोत प्रचंड वेगानं चालू-बंद करायचा. चिप स्वस्त झाल्या आणि मध्यम किमतीच्या प्लेअरचा दर्जा एकदम वर गेला. पुढे नव्वदच्या दशकात केन इशिवाता यांनी मरांट्झसाठी साध्या मॉडेलांच्या ‘केआय सिग्नेचर’ आवृत्त्या सजवल्या: निवडक घटक, सुधारलेला पॉवर सप्लाय, यांत्रिक कंपनांवर उपाय. नाइम या ब्रिटिश कंपनीनं दुसरी वाट धरली. त्यांच्या अनेक प्लेअरना मागून वेगळा पॉवर सप्लाय जोडता येतो, म्हणजे अपग्रेडची सोय कारखान्यातूनच. दोघांचाही भर पॉवर सप्लायवर होता हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

घरगुती फेरफारात मात्र सगळ्यांचं लक्ष ऑप-ॲम्पकडे गेलं. त्या काळच्या असंख्य प्लेअरमध्ये आउटपुटला एनई५५३२ किंवा एनई५५३४ असे. सॉकेट बसवून त्या जागी नवा, वेगवान ऑप-ॲम्प लावणं सोपं, म्हणून तो उद्योग लोकप्रिय झाला. पण वेगवान ऑप-ॲम्पला पॉवरच्या पायांशेजारीच लहान कपॅसिटर लागतात. ते नसतील तर तो ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच दोलायमान होतो, तापतो आणि आवाज कडक करतो. ऐकणारा त्यालाच ‘तपशील वाढला’ समजतो. ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) खात्री करता येत नसेल तर जुना ५५३२ राहू द्यावा. तो आजही उत्तम भाग आहे.

आणि मग उलट दिशेचा प्रवाहही आला. जपानमध्ये १९९६ च्या सुमारास र्‍योहेई कुसुनोकी यांनी ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टरच काढून टाकावा असं मांडलं. ज्या युक्तीनं फिलिप्स घराणं उभं राहिलं तीच नाकारणारा हा विचार. त्याचे चाहते आजही आहेत. वरच्या वारंवारता किंचित दबतात, तो मऊपणा काहींना आवडतो.

इथवरचा सगळा इतिहास आकड्यांचे संकेत करण्याचा आहे. जुना प्लेअर बंद पडतो तो मात्र क्वचितच त्यामुळे. तो बंद पडतो वाचनयंत्रणेमुळे, आणि तिचा इतिहास नेमका उलटा, उताराचा आहे.

सीडीवरची सर्पिल वाट पाच किलोमीटरच्या आसपास लांब, दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. तबकडी आतून बाहेर वाचली जाते आणि वेग मिनिटाला साधारण ५०० फेऱ्यांवरून २०० पर्यंत उतरत जातो. फिलिप्सनं यासाठी झुलती भुजा वापरली: लेसर आणि भिंग एका तोललेल्या भुजेवर, ती चापाकार सरकते, दातेरी चाक नाही, पट्टा नाही. सीडीएम-०, सीडीएम-१ या त्या वाचनयंत्रणेच्या पहिल्या पिढ्या ओतीव धातूच्या. पुढे किमती उतरत गेल्या तसं प्लास्टिक वाढलं आणि सीडीएम-१२ मध्ये झुलती भुजा जाऊन साधी सरकपट्टी आली. सोनीच्या केएसएस मालिकेतले पिकअप (लेसर आणि भिंगाचे संच) पहिल्यापासूनच सरकणारे, पण ते इतक्या यंत्रांत गेले की सुटे भाग बराच काळ सहज मिळत. मग सीडीची विक्री ओसरली. अमेरिकेत ती २००० साली शिखरावर होती; लिन या ब्रिटिश कंपनीनं २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. डॅकच्या नव्या चिप येत राहिल्या. जुन्या यंत्रांचे मूळ लेसर मात्र येईनासे झाले.

म्हणून आज तबकडी अडखळली की लोक थेट लेसर मेल्याचं गृहीत धरतात, आणि इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो. आधी भिंगावरची धूळ. मग सरकपट्टीवरचं घट्ट झालेलं जुनं ग्रीस: पहिली गाणी ठीक आणि शेवटची अडखळत असतील तर संशय आधी तिथे घ्यावा. मग ट्रेचा रबरी पट्टा. मग लेसरला वाटेवर धरून ठेवणाऱ्या सर्व्होच्या बोर्डावरचे सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्यांची लक्षणं लेसर थकल्यासारखीच दिसतात. फिलिप्सच्या सुरुवातीच्या काही यंत्रांत बोर्डाच्या दोन बाजू जोडणारे छोटे रिव्हेट सैल होतात. ते पुन्हा सोल्डर केले की मेलेला प्लेअर उठतो. पिकअपवरचा बारीक पोटेन्शिओमीटर फिरवून लेसरची ताकद वाढवण्याचा मोह आवरावा. चार दिवस बरं वाटतं आणि उरलेलं आयुष्य जळून जातं. पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यू तबकड्या वाचत नाही म्हणूनही यंत्राला दोष देऊ नये. त्यांचं परावर्तन साध्या सीडीच्या मानानं फारच कमी असतं आणि जुने प्लेअर त्यासाठी बनलेलेच नव्हते.

बाहेरून डॅक जोडताना एक जुनी गोष्ट हमखास विसरली जाते. सुरुवातीच्या काही सीडींवर, विशेषतः ऐंशीच्या दशकातल्या, वरच्या वारंवारता मुद्दाम उंचावून नोंदवलेल्या आहेत आणि तशी खूण तबकडीत असते. याला प्री-एम्फसिस म्हणतात. जुना प्लेअर ती खूण ओळखून उंचावलेला भाग आपोआप खाली आणतो. काही नवे डॅक त्या खुणेकडे लक्षच देत नाहीत, आणि त्याच तबकडीचा आवाज अचानक चिरका होतो. अशा सीडी संग्रहात असतील तर प्लेअरचं मूळ ॲनालॉग आउटपुट जोडलेलं ठेवावं.

सुट्या भागांसाठी मात्र जुन्या व्यवहाराचाच आधार मिळतो. फिलिप्सनं आपल्या यंत्रणा अनेक कंपन्यांना विकल्या, त्यामुळे महागड्या प्लेअरमध्ये आणि त्याच वर्षीच्या साध्या, स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा एकच सीडीएम सापडते. झाकण उघडून यंत्रणेवरचा क्रमांक टिपून ठेवावा, तिरक्या रेषेनंतरच्या आकड्यासकट, कारण त्यावरून जोडणी बदलते. मग तोच क्रमांक असलेला, कोणी विचारत नाही असा एखादा चालू प्लेअर शोधावा आणि डॅकची चिप बदलायचा विचार करण्याआधी तो कपाटात आणून ठेवावा.