नायट्रो की इलेक्ट्रिक: भांडण वेगाचं नव्हे, मिनिटांचं

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या छंदात ‘नायट्रो की इलेक्ट्रिक’, म्हणजे इंधनाच्या इंजिनाची गाडी की बॅटरीची, हा विषय निघाला की बोलणं लगेच वेगावर जातं. पन्नासेक वर्षांचा इतिहास चाळला तर मात्र पारडं बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर फिरलेलं दिसतं: गाडी एका दमात किती मिनिटं पळते?

नायट्रो इंजिन आलं ते मॉडेल विमानांकडून. छोट्या इंजिनाला ठिणगी हवी म्हणून पूर्वी विमानाला कॉइल आणि बॅटरीचं ओझं वाहावं लागे. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी 1947च्या सुमारास ग्लो प्लग बाजारात आणला आणि ते ओझं गेलं. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त बारीक तारेचं वेटोळं असतं. इंजिन सुरू करताना साध्या सेलनं ते लाल करायचं, मग सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी क्रिया आणि ज्वलनाची उष्णता यांच्यावर ते तापलेलं राहतं. इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, वंगणासाठी एरंडेल किंवा सिंथेटिक तेल, आणि नायट्रोमिथेन. नायट्रोमिथेन स्वतःच्या रेणूतच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे सिलिंडरमधल्या तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं.

गंमत अशी की बाजारात आलेल्या अगदी सुरुवातीच्या आरसी गाड्यांपैकी एक, इटलीच्या एल-जी कंपनीची 1966ची फेरारी 250 एलएम, विजेवर चालणारी होती. पण शर्यतीचा खेळ रुजला तो 1/8 प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढ्या, इंजिनवाल्या गाड्यांवर. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे 1977मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही त्यांचीच. कारण उघड आहे. टाकी संपली की पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) घ्या, काही सेकंदांत भरा, सोडा. बॅटरीवाल्याला ही सोय नव्हती.

इलेक्ट्रिकला घराघरात नेलं तामिया या जपानी मॉडेल कंपनीनं. प्लॅस्टिक मॉडेल अचूक व्हावं म्हणून कंपनीनं खरी पोर्शे विकत घेऊन सुटी केली होती. त्या साच्यांचा खर्च भरून निघावा म्हणून 1976मध्ये त्याच मॉडेलची, पोर्शे 934ची, रेडिओवर चालणारी आवृत्ती काढली, आणि ती तुफान खपली. धूर नाही, गोंगाट नाही, घरातही चालवता येते. 1985मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे 1/10 इलेक्ट्रिक ऑफ-रोडची (खडबडीत मातीच्या ट्रॅकवरची) पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

तरी मिनिटांचं दुखणं होतंच. सहा निकेल-कॅडमियम सेलचं 7.2 व्होल्टचं पॅक, त्यावर चार-पाच मिनिटांची शर्यत. मोटरचा वेग कमी-जास्त करणारे सुरुवातीचे स्पीड कंट्रोलर यांत्रिक असत. सर्वो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, एक पट्टी रेझिस्टरवर सरकवायचा, म्हणजे अर्ध्या वेगात जाताना वाचायला हवी ती वीज उष्णता होऊन उडून जायची. मोटरचे कार्बन ब्रश झिजत, ते ज्यावर घासतात तो फिरता कम्युटेटर काळा पडे, आणि जिंकायचं असेल तर तो छोट्या लेथवर घासून घ्यावा लागे. इलेक्ट्रिक म्हणजे बिनकटकटीची, हे त्या काळी शर्यतवाल्याला सांगितलं असतं तर तो हसला असता.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या शेवटी हौशी लोक नायट्रोकडे वळले. दोरी ओढून सुरू होणारी इंजिनं आणि जोडून तयार मिळणाऱ्या गाड्या यांनी वाट सोपी केली. अमेरिकेच्या ट्रॅक्सस कंपनीच्या 1999च्या टी-मॅक्सनं मॉन्स्टर ट्रकची (मोठ्या चाकांच्या ट्रकची) लाटच आणली. पण नायट्रोला सरावलेला हात लागतो. कार्ब्युरेटरची, इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई किंचित जास्त आवळली की मिश्रणात इंधन कमी पडतं, इंजिन क्षणभर सुसाट वाटतं, पण तापतं आणि वंगणाअभावी पिस्टन-स्लीव्ह खराब होतात. सैल ठेवली तर नळीतून दाट धूर, आणि गाडी अडखळत उठते. दिवस संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिनात तेलाचे थेंब सोडले नाहीत, तर मिथेनॉलनं ओढलेल्या ओलाव्यानं बेअरिंग गंजतात. मला विचाराल तर ज्यांना हे सगळं आवडतं त्यांनीच नायट्रो घ्यावी. ज्यांना फक्त गाडी पळवायची होती, त्यातले बरेच या पायरीवरच गळाले.

2000नंतर दोन गोष्टी लागोपाठ आल्या आणि चित्र पालटलं. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतं, तारेची वेटोळी स्थिर राहतात, त्यामुळे घासायला ब्रशच नाहीत. आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी निकेल-कॅडमियमच्या मानानं तेवढ्याच वजनात दुपटीहून जास्त ऊर्जा देते. तिची वेगळी भीती आहेच: पॅक फुगलं किंवा चुकीचं चार्ज झालं तर पेट घेतं. पण मिनिटं वाढली, ताकदही वाढली. 2011मध्ये ट्रॅक्ससनं ताशी 160 किलोमीटर गाठणारी एक्सओ-1 आणली, ती इलेक्ट्रिकच होती. वेगाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

युरोपीय संघानं स्फोटकांच्या कच्च्या मालावरच्या नियमांत 2021पासून सर्वसामान्य ग्राहकासाठी नायट्रोमिथेनची मर्यादा वजनाच्या 16 टक्क्यांवर आणली, त्यामुळे तिथल्या नायट्रोवाल्यांची आणखी पंचाईत झाली. तरीही 1/8 ऑफ-रोड बग्गीची जागतिक अंतिम फेरी आजही नायट्रोवरच होते. एक तासाची फेरी, 125 सीसीची टाकी, दर काही मिनिटांनी पिट. तेवढाच वेळ पळण्यासाठी इलेक्ट्रिक बग्गीला मध्ये बॅटऱ्याच बदलत बसावं लागेल.