उंदराला औषध आधी, माणसाला नंतर

कोल्हापूरच्या आसपास पावसाळ्यात बांधावर, पडक्या जागेत पुनर्नवा पसरते. जमिनीलगत वेल, बारीक गुलाबी फुलं. कुणी तिला घेटुळी म्हणतं, कुणी वसू. अंगावरच्या सुजेवर आयुर्वेद ती पूर्वापार देत आला आहे. त्यामुळे ‘पुनर्नव्याच्या अर्काने उंदरांची किडनी वाचली’ असं कानावर आलं, की डायलिसिसच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशंटचे नातेवाईक काढ्याची चौकशी करू लागतात. त्यांची घालमेल मला समजते, म्हणूनच हा प्रयोग नीट पाहायला हवा.

अशा प्रयोगात उंदरांची किडनी मुद्दाम बिघडवतात. त्यासाठी बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरचं औषध किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरतात. काही उंदरांना त्याआधी काही दिवस वनस्पतीचा अर्क तोंडावाटे दिलेला असतो. मग सिस्प्लॅटिनचं इंजेक्शन, आणि साधारण ७२ तासांनी किडनी बिघडली की रक्तात वाढणारे युरिया आणि क्रिएटिनिन तपासतात.

खरी गोष्ट दिसते ती सूक्ष्मदर्शकाखाली. निरोगी किडनीच्या सूक्ष्म नलिकांना आतून दाट, मऊ झालर असते; गाळलेल्या पाण्यातलं कामाचं बरंचसं तीच परत शोषून घेते. सिस्प्लॅटिननंतर ती झडते, पेशी सुटतात आणि त्यांचाच गाळ नलिकेत अडकतो. कारण या पेशी सिस्प्लॅटिन स्वतःच आत ओढून घेतात. ते साठलं की घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन संपत जातं. अर्क घेतलेल्या उंदरांत ग्लुटाथायोन बऱ्यापैकी टिकलेलं आणि झालरही पुष्कळ शाबूत, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. हे निष्कर्ष मोलाचे आहेत.

पण क्रम बघा. उंदराला अर्क आधी मिळाला, इजा नंतर झाली. आपल्याकडे पेशंट येतो तो वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने किंवा रक्तदाबाने किडनी झिजल्यावर. जिथे नलिकेच्या जागी व्रणासारखी घट्ट ऊती तयार झाली, तिथे वाचवायला पेशीच उरलेली नसते. शिवाय पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. थकलेली किडनी पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकू शकत नाही आणि ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशा पेशंटला डॉक्टरांना न विचारता काढा देणं मला धोक्याचं वाटतं.

मात्रेचाही हिशेब आहे. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिलं, तर माणसासाठी तो आकडा ढोबळमानाने १२ ने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे २ ग्रॅम, तेही आटवलेल्या कोरड्या अर्काचे. चमचाभर चूर्णाशी त्याचा मेळ बसत नाही.

उंदराचा क्रम माणसाशी खरोखर जुळतो तो सिस्प्लॅटिन घेणाऱ्या कॅन्सर पेशंटच्या बाबतीत. इथे किडनीला इजा कोणत्या दिवशी होऊ शकते हे आधीच ठाऊक असतं. म्हणून तर आजही इंजेक्शनच्या आधी आणि नंतर सलाइन लावतात. अर्काची परीक्षा मला इथे व्हायला हवी आहे. मात्र एक पेच आधी सोडवावा लागेल: किडनीच्या पेशीला वाचवणारा अर्क कॅन्सरच्या पेशीलाही वाचवत नाही ना? त्यासाठी किडनीसोबत उंदराच्या शरीरातली कॅन्सरची गाठही मोजावी लागते.